फॉर्म भरला, मग?

नागपुरातल्या एका जुन्या वाचनालयाच्या दारावर, वर्गणीच्या दराच्या पाटीखाली, एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला आहे. मधोमध क्यूआर कोड आणि खाली ठळक अक्षरांत ‘आपला अभिप्राय नोंदवा’. मे महिन्यातली सकाळ, साडेदहालाच ऊन रस्त्यावर तापून परत वर येत होतं. डोक्याला दुपट्टा बांधलेले एक काका त्या कागदासमोर मोबाइल धरून उभे होते. लॅमिनेशनवर उजेड चमकत होता, म्हणून ते फोन कधी खाली, कधी तिरपा धरून बघत होते. शेवटी लिंक उघडली आणि पडद्यावर गूगलचं साइन-इनचं पान आलं. काका आत देवघेवीच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “मॅडम, हे पासवर्ड मांगून राहिलं.” टेबलामागच्या ताईंनी रजिस्टरमधून मान वर न करता सांगितलं, “ते सरांनी लावलं काका, मला नाही माहीत त्याचं.” आणि दोरीनं पेन बांधलेली जुनी सूचना वही पुढे सरकवली. काकांनी वही उघडून शेवटची नोंद वाचली. बऱ्याच महिन्यांपूर्वीची होती. तिच्यासमोरचा ‘कार्यवाही’चा रकाना कोरा होता. त्यांनी वही मिटली, होती तशी टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे निघून गेले.

साइन-इनचं पान अर्ध्या मिनिटात घालवता येतं. डोक्यात घोळत राहिला तो कोरा रकाना. दारावरचा कागद नवा, वही जुनी, पण दोन्हींच्या पलीकडे कुणी बसलेलंच नव्हतं.

तरी ते अर्ध्या मिनिटाचं काम आधी सांगून टाकू या, कारण हा गोंधळ जवळपास प्रत्येक ग्रंथालयात होतो. गूगल फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ असा एक खटका असतो. कुणी दहादा फॉर्म भरून गंमत करू नये म्हणून करणारा तो हौसेनं चालू करतो. पण एका माणसाला एकदाच भरू द्यायचं तर माणूस कोण हे गूगलला कळायला हवं, म्हणून ते साइन-इन मागतं. ईमेल पत्ता ‘व्हेरिफाइड’ स्वरूपात मागितला तरी तेच होतं. एखाद्या प्रश्नात फाइल जोडायची सोय दिली तरीही तेच. शिवाय आता फॉर्म आधी ‘पब्लिश’ करावा लागतो आणि कोण भरू शकेल तिथे ‘एनीवन विथ द लिंक’ आहे ना, हे बघावं लागतं. संस्थेच्या ईमेलवरून फॉर्म केला असेल आणि हे बघायचं राहिलं तर बाहेरच्या वाचकाला तो उघडतच नाही, नुसती परवानगी नसल्याची पाटी दिसते. आणि हे फॉर्म करणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण तो स्वतः दिवसभर लॉगिन असतो. त्याच्या संगणकावर सगळं सुरळीत उघडतं. म्हणून लिंक वाचकांपुढे ठेवण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघायची. त्याहून चांगलं म्हणजे ग्रंथालयाशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या फोनवर बघायची. चहा घेऊन येणाऱ्या मुलाच्या फोनवर फॉर्म उघडला आणि त्याला तो न विचारता भरता आला, की समजायचं जमलं.

कोडाचंही तसंच. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी जन्मला, म्हणजे कारखान्यातल्या धुळीत आणि तेलकट डागांतही वाचता यावा अशीच त्याची घडण आहे. कोड करताना चूक सावरण्याची पातळी ‘एच’ ठेवली तर जवळपास तीस टक्के कोड खराब झाला तरी तो चालतो. पण नागपूरचा उन्हाळा त्या तीस टक्क्यांच्या पलीकडचा आहे. इंकजेटवर छापलेला काळा रंग पश्चिमेच्या दारावर एका उन्हाळ्यात तपकिरी होतो, म्हणून कोड लेझर प्रिंटरवर छापायचा. चकचकीत लॅमिनेशन नको, मॅट घ्यायचं. कोडाच्या चारी बाजूंनी त्याच्यातल्याच चार बारीक चौकोनांएवढी पांढरी जागा मोकळी सोडायची. सजावटीची किनार तिथपर्यंत आणली की कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. वाचक जितक्या अंतरावरून फोन धरणार त्याच्या एक-दशांश रुंदी असली की पुरते, म्हणजे टेबलावरच्या कोडाला तीन-चार सेंटीमीटर आणि भिंतीवरच्याला दहा. ‘डायनॅमिक’ कोड मोफत देणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहायचं. मोफतची मुदत संपली की दारावरचा कागद तोच राहतो आणि वाचकाला मात्र पैसे भरण्याचं पान दिसतं. क्रोममध्ये कुठल्याही पानाचा साधा कोड करून मिळतो, मधोमध छोटा डायनासोर असतो, त्याला मुदत नसते. डायनासोर गंभीर ग्रंथालयाला शोभत नाही असं कुणी म्हणालं तर म्हणू द्यावं.

आणि फॉर्म कुणाच्या खात्यात आहे?

हा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण कार्यशाळेत कुणी विचारत नाही. फॉर्म सहसा ज्या उत्साही माणसाला जमतं त्याच्या खासगी जीमेलवर तयार होतो. मग त्याची बदली होते, किंवा तो निवृत्त होतो, किंवा रुसतो. उत्तरं त्याच्याच ड्राइव्हमध्ये साठत राहतात. ग्रंथालयाच्या नावानं खातं उघडलं तरी त्याचा ओटीपी कुणाच्या तरी एकाच्या फोनवर जातो, आणि तो माणूस गोंदियाला गेला की दरवेळी गोंदियाला फोन करून आकडे विचारावे लागतात. उपाय साधा आहे. खातं ग्रंथालयाचं, रिकव्हरीसाठी दोन वेगळे क्रमांक, आणि टू-स्टेपचे, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचे, दहा बॅकअप कोड छापून दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) ज्या कपाटात कुलपात असतं तिथे. दाखल रजिस्टर आपण जसं चार्ज देताना-घेताना सही करून सोपवतो, तसंच हे खातंही चार्ज लिस्टमध्ये यायला हवं. अजून तरी त्या यादीत खुर्च्या, पंखे आणि कूलर असतात, खातं नसतं. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल असं खातं मिटवून टाकू शकतं, हा त्यांचा जाहीर नियम आहे.

आपल्याकडे ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण म्हणजे एक सभागृह, दीपप्रज्वलन, प्रोजेक्टर, दुपारचं जेवण आणि शेवटी फाइलला लावायचं प्रमाणपत्र. एका दिवसात फॉर्म, क्यूआर, कॅन्व्हा, प्रश्नमंजूषा, यूट्यूब चॅनेल, सगळं दाखवून होतं. शिकवणारे वाईट नसतात, शिकणारेही ढ नसतात. पण पडद्यावर दुसऱ्यानं दाबलेलं बटण हाताला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या ग्रंथालयातला संगणक वेगळा असतो, क्रोमची भाषा वेगळी असते, कीबोर्डवर मराठी येत नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं राहूनच जातं: फॉर्म कसा करायचा हे दाखवतात, आलेली उत्तरं कुणी, कधी आणि किती दिवसांत वाचायची हे कुणी ठरवत नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराचं सार्वजनिक ग्रंथालय आठवतं. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये तिथल्या तंत्रज्ञान विभागाच्या हेलीन ब्लोअर्स यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. तेवीस गोष्टी, नऊ आठवडे, वर्ग नाही, परीक्षा नाही. सुरुवातीलाच प्रत्येकानं स्वतःचा ब्लॉग उघडायचा आणि पुढची प्रत्येक गोष्ट करून पाहिली की तिथे दोन ओळी लिहायच्या: काय जमलं, कुठे अडलं. फ्लिकरवर फोटो चढवणं, ब्लॉगलाइन्सवर बातम्यांची फीड लावणं, डेलिशसवर खुणा साठवणं, लायब्ररीथिंगवर पुस्तकांची यादी करणं, विकीचं पान बदलून बघणं, असं सगळं. तेवीसही पुरं करणाऱ्याला एक एमपीथ्री प्लेअर. शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे एकाच यादीवर. पुढे ही यादी जगभर शेकडो ग्रंथालयांनी उचलली, आणि ब्लोअर्सबाईंनी ती मोफत उचलू दिली हेही तितकंच खरं.

आज ती यादी उघडली तर गंमत वाटते. ब्लॉगलाइन्स, डेलिशस, टेक्नोराटी, रोलियो, यांतलं एकही त्या वेळच्या रूपात शिल्लक नाही. एमपीथ्री प्लेअरही नाही. म्हणजे त्या लोकांनी शिकलेली निम्मी साधनं मेली. तरी तो कार्यक्रम फुकट गेला असं म्हणवत नाही, कारण त्यात साधनांपेक्षा अवघड असं काहीतरी कर्मचाऱ्यांच्या हाताला लागलं: आपण लिहायचं, दुसऱ्यानं त्याखाली लिहायचं, आणि त्यावर परत आपण उत्तर द्यायचं. ते स्वतः काही आठवडे वाचकाच्या जागी बसले होते. आपण लिहिलेल्याखाली कुणीच काही लिहिलं नाही तर कसं वाटतं, हे त्यांना तिथे कळलं असणार. आपल्या कार्यशाळेत ही जागाच नसते. तिथे सगळे पाहुणे.

विदर्भातल्या ग्रंथालयांत भीती वेगळी आहे, आणि ती वयाची नाही. “मॅडम, हे दाबलं तं सगळं मिटून तं नाही जाईन ना?” हा प्रश्न जितका पन्नाशीतल्या लिपिकाकडून येतो तितकाच ग्रंथालयशास्त्राची पदवी, बी.लिब., करून नुकत्याच लागलेल्या मुलीकडूनही येतो. कारण इथे नोंद म्हणजे सरकारी नोंद. दाखल रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही, केली तर सही करायची, तपासणीत उत्तर द्यायचं. ज्याच्या हातानं आयुष्यभर अशी रजिस्टरं लिहिली त्याला ‘दाबून बघा, काही होत नाही’ हे वाक्य बेजबाबदार वाटणारच, आणि त्याचं ते वाटणं बरोबर आहे. त्याला धीर देण्यापेक्षा मोडायला काहीतरी द्यायला हवं. फॉर्मची ‘मेक अ कॉपी’ करून ती कॉपी हवी तशी बिघडवायला द्यायची. शीटच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन कालची प्रत परत आणायला लावायची, एकदा स्वतःच्या हातानं पुसलेलं परत आलेलं दिसलं की खांदे खाली येतात. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर खऱ्या नोंदींना हात न लावता वेगळ्या सरावाच्या प्रतीवर शंभर पुस्तकं चुकीची चढवू द्यायची.

वेळ कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. तर नागपुरात तो निसर्गानं दिलेला आहे. मे महिन्यात दुपारी दोन ते चार कुणी पुस्तक बदलायला येत नाही. अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं असतात, पण ती मान खाली घालून बसलेली, त्यांना फक्त कूलरमध्ये पाणी हवं असतं. देवघेव विभाग रिकामा, वाळ्याच्या ताटीचा ओला वास, कूलरचा घरघराट, आणि टेबलावरचं प्रत्येक पान पेपरवेटखाली. ते दोन तास हातांसाठी ठेवावेत. आठवड्याला एकच गोष्ट. संगणक मात्र कूलरच्या तोंडासमोरून हलवायचा, ओल्या हवेत कीबोर्डच्या कळा आधी चिकटतात आणि मग दोनदा उमटतात.

आधी टंकलेखन. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात आणि इथेच घर बुडतं. बऱ्याच ग्रंथालयांची जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टांत आहे. ती पडद्यावर मराठी दिसते, पण आत सगळी रोमन चिन्हं असतात. फॉन्ट काढला की मराठी गेलं. तिचं युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी टिकणाऱ्या कोडिंगमध्ये, रूपांतर करताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टंकतात आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं जोडाक्षर नीट ओळखलं नाही की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून रूपांतरानंतर वेलांटी आणि रफार असलेली दोनशे शीर्षकं कागदावर काढून डोळ्यांनी तपासायची. पुढचं टंकन इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीनं शिकावं असा आग्रह आहे. ‘के’वर क, ‘जे’वर र, ‘डी’वर हलन्त, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. आठ-दहा दिवस बोटं रडतात. ते नकोच असेल तर विंडोज १०च्या मे २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत रोमन अक्षरांत उच्चार टंकायचा मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीपासून आहे, भाषेच्या सेटिंगमधून नुसता चालू करायचा. पण एका ग्रंथालयात एकच पद्धत ठेवा, कारण खरी गडबड त्याच्या पुढे आहे.

वाचक ग्रंथालयाच्या यादीच्या शोधचौकटीत लिहितो आणि शून्य पुस्तकं मिळतात. पुस्तक तर समोरच्या कपाटात आहे! ‘ॲरिस्टॉटल’मधला ॲ तीन तऱ्हांनी टंकता येतो: अ-वर चंद्र देऊन, युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं एकसंध ॲ वापरून, किंवा हिंदी पद्धतीचा ऍ. पहिले दोन डोळ्यांना सारखे दिसतात, यंत्राला ती वेगवेगळी अक्षरं वाटतात, आणि नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणानं ती एक होत नाहीत. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य सुद्धा दोन रस्त्यांनी येतो, एक स्वतंत्र ऱ वापरून, दुसरा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह टाकून. आद्याक्षरांमधली मोकळी जागा ही तिसरी डोकेदुखी. यावर ग्रंथालयानं एक पानभर नियम लिहून संगणकाशेजारी चिकटवणं एवढाच इलाज आहे: ॲ कुठला, ऱ्य कसा, आद्याक्षरांनंतर टिंब आणि जागा. जुन्या नोंदी एकदा शोधा-बदला करून त्या नियमावर आणायच्या. कोहात झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर देवनागरीसाठी त्याला आयसीयू नावाची युनिकोड मांडणी लावावी लागते, आणि ती लावल्यावर सगळं इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, पुन्हा बांधावं लागतं. पहिलं करून दुसरं विसरलं की ‘सेटिंग केलं तरी शोधून नाही राहिलं’ अशी तक्रार येते.

शोधाच्या बाबतीत नागपूरकराला एक उदाहरण लगेच पटतं. ग्रेस यांचं खरं नाव माणिक गोडघाटे हे धंतोलीतल्या कुठल्याही काव्यप्रेमी माणसाला माहीत असतं, आणि एखादा हट्टानं ‘गोडघाटे’च टंकतो. त्याला पुस्तक मिळायचं तर लेखकाचं प्रमाण नाव ठरवणाऱ्या नाव-प्राधिकृत नोंदीत ४०० क्रमांकाच्या क्षेत्रात दुसरं नाव भरावं लागतं, ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ ही प्रणाली-पसंती चालू करावी लागते, आणि पुन्हा एकदा इंडेक्स. वीस मिनिटांचं काम. पण ही मागणी वाचकाकडून यायला हवी आणि ती ऐकणारं कुणी हवं. टेबलावरच्या ताई ती रोज तोंडी ऐकतात, “गोडघाटे नाही हो काका, ग्रेस टाका” असं सांगून काकांना वाटेला लावतात, आणि मशीनला मात्र कुणी काही सांगत नाही.

उत्तरं वाचायची तर आधी ती उघडायला हवीत. फॉर्मची उत्तरं सीएसव्ही म्हणून उतरवून थेट एक्सेलमध्ये दोन टिचक्यांनी उघडली की मराठीच्या जागी तुटकी चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, एक्सेलनं तिला जुन्या कोडिंगची समजलेलं असतं. रिकामी शीट उघडून ‘डेटा’, मग ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, आणि फाइल ओरिजिन ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडायचं. तिथूनच ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाऊन आयएसबीएनचा रकाना ‘टेक्स्ट’ करून टाकायचा, नाहीतर ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होणारे तेरा आकडे मध्ये एक ‘ई’ असलेल्या भलत्याच संख्येत बदललेले दिसतात. ज्यांचे दाखल क्रमांक शून्यानं सुरू होतात त्यांची शून्यं उडतात. हे सगळं टाळायचं असेल तर गूगल शीटमध्येच वाचा, उतरवूच नका. आणि ‘रिस्पॉन्सेस’मधल्या तीन टिंबांखाली नव्या उत्तराची ईमेल सूचना चालू करता येते. ती फक्त चालू करणाऱ्यालाच जाते, हे लक्षात असू द्या.

व्हॉट्सॲपवर फार बोलत नाही, कारण ते सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. एवढंच, की वाचकांचा गट करू नका. गटात प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. अभ्यासिकेतल्या मुलींना त्याचा काय त्रास होतो हे त्या सांगत नाहीत, गुपचूप बाहेर पडतात. शिवाय पहाटे पाचपासून शुभ सकाळचे गुलाब. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून सभासद करतानाच त्यांच्या फोनमध्ये तो सेव्ह करून घ्यायचा. बिझनेस ॲपमध्ये तिरकी रेघ टाकून तयार उत्तरं देता येतात: वेळ, वर्गणी, सुटीचा वार. ही तीन तयार उत्तरं ठेवली तरी फोनवरचे निम्मे प्रश्न मिटतात. उरलेले निम्मे माणसानं द्यायचे असतात.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे. कोहात वाचकाच्या सूचनेसाठी एक पूर्ण खोली बांधलेली आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिला कुलूप आहे. वाचक ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकयादीवर, लॉगिन करून पुस्तक मागवू शकतो. ती सूचना आत ‘पेंडिंग’ म्हणून दिसते. कर्मचाऱ्यानं ती स्वीकारली, नाकारली किंवा मागवली, की वाचकाला आपोआप ईमेल जातो. स्वीकारलेली सूचना तशीच खरेदीच्या ऑर्डरमध्ये ओढता येते, परत टंकावी लागत नाही. नाकारण्याची कारणं ‘सजेस्ट’ नावाच्या प्राधिकृत मूल्यांत, म्हणजे तयार पर्यायांच्या यादीत, आपण आपल्या शब्दांत, मराठीत लिहून ठेवू शकतो. ही कारणं लिहिण्यात एक अख्खी दुपार घालवावी असं माझं मत आहे. ‘नामंजूर’ एवढंच लिहिलं तर वाचक पुन्हा लिहिणार नाही. ‘हे पुस्तक आपल्याकडे आहे, ओपॅकवर नाव टाकून राखून ठेवा’, ‘छपाईत नाही, जुन्या बाजारात शोधतो आहोत’, ‘या वर्षीची खरेदी झाली, अनुदान आल्यावर पहिल्या यादीत घेऊ’, ‘स्पर्धा परीक्षेचं आहे, नवी आवृत्ती येऊ द्या’. नकारच आहेत हे, पण त्यांना तोंड आहे.

ईमेल जात नाही अशी तक्रार मग येतेच. पॅकेजमधून बसवलेल्या कोहात ईमेल मुळात बंद असतो; ‘कोहा-ईमेल-इनेबल’ ही आज्ञा आणि पुढे आपल्या कोहाचं नाव एवढं दिलं, की निरोपांची रांग ठरावीक वेळानं पुढे सरकू लागते. तोवर ते सगळे रांगेतच ‘पेंडिंग’ पडून असतात आणि पडद्यावर सगळं झाल्यासारखं दिसतं. जीमेलमधून पाठवायचं तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. आणि सगळं करूनही काही निरोप जात नाहीत, कारण सभासद अर्जावर ईमेलचा रकाना रिकामा असतो. ज्यांचा ईमेल नाही त्यांची सूचना पडद्यावरून वाचून त्यांना फोन करायचा, किंवा पुस्तक बदलायला आले की सांगायचं.

आणि ते सांगतो कोण? प्रत्येक ग्रंथालयात एक परिचर असतो, जो तीस वर्षं पुस्तकं लावतो आहे. कुठला वाचक काय वाचतो, कुणाला मोठा टाइप लागतो, कोणत्या बाई मैत्रिणीसाठीही एक पुस्तक नेतात, हे त्याला पाठ असतं. अभिप्रायाचा फॉर्म तयार होताना त्याला कुणी बोलावत नाही, कार्यशाळेला तर नाहीच. तिथे पदनाम बघून पाठवतात. सूचनांचा पडदा रोज उघडून बघायचं काम त्याचं असायला हवं. मराठी वाचता येणं एवढीच पात्रता लागते, उत्तरांची कारणं वर लिहून ठेवलेलीच आहेत, त्यातलं एक निवडायचं. अडचण सांगतात ती अशी, की त्याला लॉगिन दिलं तर तो दंड माफ करेल, नोंदी पुसेल. तर कोहात त्याच्या सभासद नोंदीवर जाऊन ‘सेट परमिशन्स’मध्ये दोनच खुणा करायच्या: ‘कॅटलॉग’, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बाजूला आत येता येईल, आणि ‘सजेशन्स मॅनेज’. बाकी सगळ्या चौकटी रिकाम्या सोडून सेव्ह करायचं. दंड, देवघेव, नोंदी, यांपैकी कशातही त्याला काही बदलता येत नाही, आणि सकाळी दार उघडून वर्तमानपत्रं स्टँडवर लावली की आलेल्या सूचना मात्र त्याला दिसतात.